धरणात गळांची दोरी टाकताना

धरण भरताना तोडायची राहून गेलेली बाभूळ पाण्याखाली वर्षानुवर्षे उभी राहते आणि दर हंगामात कुणाचे तरी जाळे फाडते. नळगंगा असो, पेनटाकळी असो की खडकपूर्णा, काठावर जाळे सांधत बसलेला माणूस बुलढाणा जिल्ह्यात नवा नाही. जाळ्याच्या एका रात्रीत चिंध्या झाल्या की जुनी माणसे सांगतात, त्या जागेला पुन्हा जाऊ नका. मला हा सल्ला अर्धाच पटतो. खोडांच्या आणि खडकांच्या आडोशाला शिंगाळा दबा धरून असतो, काठच्या पाणगवतात मरळ असते. त्या जागा सोडून द्यायच्या कशाला? तिथे जाळे नेऊ नका, गळांची दोरी न्या.

साधन अगदी साधे आहे. एक लांब आडवी दोरी घ्यायची, तिला ठरावीक अंतरावर आखूड तंगूस लोंबते ठेवायचे, प्रत्येकाच्या टोकाला चारा लावलेला गळ. दोन्ही शेवटांना तळाशी दगड आणि वर खुणेचा डबा. संध्याकाळी टाकायची, पहाटे काढायची. नाव छोटी चालते आणि माणसे दोनच पुरतात. नवरा-बायको, दोघे भाऊ किंवा बाप-लेक.

अलास्काच्या समुद्रात हॅलिबट नावाचा तळाला पडून राहणारा प्रचंड चपटा मासा याच पद्धतीने धरतात. तिथेही कित्येक बोटी घरच्याच माणसांच्या आहेत. फरक एवढाच की त्यांच्या दोऱ्या शेकडो फूट खोल जातात आणि ओढायला यंत्र असते. आपले काम हातांनी होते. तरी त्यांच्याकडून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत, त्या ओघात येतील.

आधी कागद पाहा. राज्यातली बहुतेक धरणे मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तुम्ही संस्थेचे सभासद नसाल तर पाण्यात गळ टाकण्याचा हक्क तुम्हाला नाही. सभासद असाल तरी दोरी कुठे टाकणार ते आधी सांगा. रोहू-कटल्याची जाळी ज्या पट्ट्यात लागतात तिथे तुमचे गळ गेले तर भांडण ठरलेले. संस्थेला पटवण्यासारखा मुद्दा तुमच्याकडे आहे: शिंगाळा, पडीन आणि मरळ हे मांसाहारी मासे संस्थेने पैसे मोजून सोडलेली बोटुकली खातात. शिंगाळा जाळ्यात आला तर काटे अडकवून जाळ्याचा गुंता करतो तो वेगळाच. हे मासे गळावर निघाले तर संस्थेचा फायदाच आहे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीतले पाणी मात्र डोक्यातून काढून टाका. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ ज्या जंगलात येऊन थांबला, ते हे जंगल. १९९७ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथे गाठ वनविभागाशी पडते.

दोरीची बांधणी

सुरुवात १०० गळांनी करा. त्याहून जास्त गळ दोन नवख्या माणसांना अंधारात आवरत नाहीत.

आडवी दोरी ३ मिलिमीटर जाडीची नायलॉनची घ्या. ती पाण्यात बुडते. प्लास्टिकची स्वस्त दोरी तरंगते, मग गळ अधांतरी राहतात आणि पाणकावळे त्यात अडकतात. दोन गळांमध्ये २ मीटर अंतर ठेवा. म्हणजे १०० गळांना साधारण २०० मीटर दोरी, शिवाय दोन्ही टोकांना खाली दगडापर्यंत आणि वर डब्यापर्यंत जाईल एवढी जास्तीची. लोंबता तंगूस अर्ध्या मीटरचा असावा. दोन शेजारचे तंगूस ताणले तरी एकमेकांना भिडता कामा नयेत, हा हिशेब कधी मोडू नका. अंतर कमी करून गळ वाढवायचा मोह होतो, आणि मग एकच तडफडणारा शिंगाळा पाच गळांची वेणी घालून ठेवतो.

आडव्या दोरीवर दर २ मीटरला बोट जाईल एवढा पक्का फासा पाडा. तंगुसाच्या वरच्या टोकाला तसाच फासा करून तो त्यात ओवा. गाठ मारून कायमचा जोडू नका, कारण तंगूस झिजतो, कापला जातो आणि नावेतच बदलावा लागतो. गळ बांधताना तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत काढा, थुंकी लावा आणि मग आवळा. कोरडा आवळलेला तंगूस घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी तुटतो.

गळाच्या नंबरात नवा माणूस फसतो. नंबर वाढत जाईल तसा गळ लहान होत जातो. मात्र १ च्या पुढे १/०, २/० असे लिहिलेले असेल तर उलट मोठा होतो. शिंगाळ्याला आणि मरळीला ६ ते १ नंबरांमधले गळ घ्या, मोठ्या पडीनला १/० किंवा २/०. वाम हवी असेल तर बारीक गळांची दोरी वेगळीच करावी लागते. ती खटपट मी कुणाला सुचवणार नाही, कारण लहान गळाला सगळेच लहान मासे लागतात.

अलास्काकडून घ्यायची पहिली गोष्ट इथे आली. हॅलिबट धरणाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जुने सरळ टोकाचे गळ सोडून गोल गळ घेतले. या गळाचे टोक आत वळलेले असते. मासा चारा घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही आणि सहसा सुटतही नाही. आपल्या कामाला याचा दुहेरी उपयोग आहे. मासा सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि लहान असेल तर धडधाकट सोडून देता येतो. असे गळ दुकानात सर्कल हुक म्हणून मागा. थोडे महाग पडतात, तरी तेच घ्या.

आता क्रेट. या सगळ्या उद्योगात कौशल्याची जागा कुठली असेल तर ती ही. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या आणि त्याच्या वरच्या कडेला थर्माकोलची पट्टी घट्ट बांधा. दोरी एका टोकापासून क्रेटमध्ये गोल गोल सोडत जा आणि जो गळ हातात येईल तो कडेच्या पट्टीत ओळीने टोचत जा. एकही गळ ओळ सोडून टोचायचा नाही, एकही तंगूस शेजाऱ्याच्या खालून जाऊ द्यायचा नाही. दोरी ज्या क्रमाने भरली त्याच्या उलट क्रमाने ती बाहेर जाणार आहे, हे भरताना सतत डोक्यात ठेवा. हे काम दुपारी सावलीत, दोघांनी मिळून, घाई न करता करायचे. गळांची टोके नखावर घासून पाहा. टोक घसरले तर कानसीने धार लावा. दुपारी वाचवलेला अर्धा तास रात्री नावेत दोन तास खातो.

चारा

कोंबडीची आतडी चिकनच्या दुकानातून जवळजवळ फुकट मिळतात. ती धुऊन, मीठ लावून दोन-तीन तास सावलीत ठेवा. मिठाने ती चिवट होतात आणि पाण्यात गळावरून सुटत नाहीत. झिंगे उत्तम, पण बारीक मासे लगेच कुरतडून टाकतात. चिलापीचे पट्टे मला सगळ्यात बरे वाटतात: चिलापी धरणात भरमसाट असते, तिला भाव कमी, आणि कातडीसकट कापलेला बोटाएवढा पट्टा गळाला धरून राहतो. गळ कातडीतून ओवा आणि टोक उघडे ठेवा. गोल गळाचे टोक चाऱ्यात झाकले गेले तर तो बसतच नाही.

संस्थेची बोटुकली चाऱ्याला वापरणे म्हणजे आपल्याच घरात चोरी. बेडूकही नको, त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

जागा आणि वेळ

धरणाच्या पोटात जुनी नदी अजून आहे. तिचा काठ, म्हणजे जिथे उथळ तळ एकदम खोल पात्रात उतरतो ती कड, ही दोरीची जागा. दोरी त्या कडेच्या बाजूने लांबवर टाका, आडवी तोडून नाही. खोली मोजायला दगड बांधलेल्या दोरीला दर वावेवर गाठ मारून ठेवा. बुडालेले गाव, विहीर किंवा मळा कुठे होता ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्याइतका धरणाचा तळ कुणाला ठाऊक नाही. विहिरीच्या तोंडावर मात्र दोरी नेऊ नका, दगड आत गेला की दोरी गेली.

पावसाळ्यानंतर पाणी निवळले की ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले जातात. थंडीच्या कडाक्यात मासा कमी खातो. फेब्रुवारीपासून पुन्हा हालचाल वाढते. रब्बीचे आवर्तन सुटले की पाणी रोज उतरते; आज आठ फुटांवर असलेली तुमची खूण पंधरवड्यात चिखलात आलेली दिसेल, म्हणून जागा पुन्हा पुन्हा मोजा. एप्रिल-मेमध्ये मासा थंड तळाला गेला असेल असे वाटते, आणि तिथेच फसगत होते. तापलेले वरचे पाणी हलके होऊन वरच राहते, खालच्याशी मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. त्या दिवसांत दोरी मध्यम खोलीवर, आठ ते बारा फुटांच्या पट्ट्यात ठेवा.

टाकणे

सूर्य मावळण्याआधी तासभर निघा. तंगुसाचे गुंते उजेडातच दिसतात. आणि कृपा करून ट्रकच्या ट्यूबवर बसून हे काम करू नका. जाळे टाकायला अनेक जण ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा वापरतात, तेही धोक्याचेच. पण १०० गळ आणि हवेची ट्यूब एकत्र नेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. लाकडी किंवा फायबरची नाव हवी. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, पदर किंवा ओढणी खोचलेली, हातात बांगडी-कडे नाही, आणि दोघांच्याही हाताला येईल असा एक उघडा चाकू. गळ हातात शिरला आणि दोरी पाण्यात ओढत राहिली तर चाकूशिवाय दुसरा इलाज नसतो. पोरांना रात्रीच्या नावेत घेऊ नका.

टाकायला वाऱ्याबरोबर जा. वाऱ्याकडच्या टोकाला पहिला दगड आणि डबा सोडा. दगड तीन-चार किलोचा हवा. मग वारा नाव हळूहळू पुढे नेईल. वल्ह्यावरच्या माणसाने वल्हवायचे नाही, वल्हे पाण्यात धरून नावेचा वेग आवरायचा. दुसऱ्याने क्रेट दोन पायांमध्ये ठेवून एकेक गळ पट्टीतून काढत सोडायचा. दोरी हाताने फेकू नका, नाव पुढे जाईल तशी ती आपली आपण ओढली जाऊ द्या. दर दहा गळांनंतर मुठीएवढा दगड अडकवा, म्हणजे दोरी तळाला बसेल. गुंता निघाला तर ओढाताण न करता वल्हेवाल्याला थांबायला सांगा आणि तो तंगूस कापून टाका. एका गळासाठी थांबून राहिलात तर नाव दोरीवर चढते. शेवटचा दगड सोडण्याआधी दोरी किंचित ताणून घ्या. डब्यावर आपली खूण रंगवलेली असावी.

सांडव्याच्या आणि कालव्याच्या तोंडाच्या आसपास दोरी कधीच नको. मे महिन्यात ढग दाटले, वीज दिसली, तर क्रेट भरलेला तसाच घेऊन घरी या.

काढणे

दोरी सहा ते आठ तास पाण्यात राहू द्या. उन्हाळ्यात एवढीही नको, मध्यरात्री एक फेरी मारा. कोमट पाण्यात गळावर मेलेला मासा पहाटेपर्यंत मऊ पडतो आणि कासवे त्याला कुरतडतात.

काढताना टाकण्याच्या उलट. वाऱ्याखालच्या टोकापासून सुरुवात करा आणि दोरी ओढत ओढत वाऱ्याच्या तोंडाकडे सरका. असे केले की नाव दोरीच्या मागे राहते, तिच्यावर चढत नाही. हॅलिबटच्या बोटीवरही दोरी ओढणारा आणि मासा उचलणारा ही कामे वेगळी असतात. ही दुसरी गोष्ट. एकाने फक्त ओढायचे, दुसऱ्याने मासा दिसताच खालून हातजाळे घालायचे. मोठा मासा तंगुसाला लटकवून वर उचललात तर जबडा फाटून परत जातो.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि छातीशी दोन असे करवतीच्या दातांचे काटे असतात. तो शांत पडला आहे असे समजून हात घातला की तो काटे ताठ करतो. ओले बारदान टाकून, वरून दाबून धरा आणि गळ पक्कडीने फिरवून काढा. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. गळ बोटात काट्यासकट रुतला तर मागे ओढू नका. तंगूस कापा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

कासव गळाला लागले तर ते संरक्षित आहे. गळाच्या जवळून तंगूस कापून सोडून द्या. थाई मांगूर सापडला तर उलट करा, तो पाण्यात परत जाऊ देऊ नका. देशात २००० सालापासून तो पाळायला बंदी आहे आणि धरणात शिरला तर बाकीचे मासे तो संपवतो.

लहान माशाचे काय करायचे, हा प्रश्न रोज पडतो. अलास्कात व्यापारी बोटीला ३२ इंचांखालचा हॅलिबट ठेवता येत नाही. तो काळजीपूर्वक सोडून द्यावा लागतो. त्यांच्याकडून घ्यायची तिसरी गोष्ट ही. आपल्याकडे वल्ह्यावरच दोन खुणा कोरा, एक फुटाची मरळीसाठी आणि दीड फुटाची शिंगाळ्यासाठी. खुणेच्या आतला मासा ओल्या हाताने सोडवून पाण्यात. मन दुखते, पण तोच मासा पुढच्या हंगामात दुपटीने भरतो.

काठावर आल्यावर

मरळ हवा घेऊन जगते, म्हणून तिला थोडे पाणी घातलेल्या झाकणाच्या ड्रममध्ये जिवंत न्या. जिवंत मरळीचा भाव मेलेलीपेक्षा नेहमीच चढा असतो. ड्रम उन्हात ठेवू नका आणि झाकणाला भोके पाडा. शिंगाळा आणि पडीन मात्र नावेतच मारून, पोट साफ करून बर्फात घाला. उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ, फोडून बारीक केलेला, खाली-वर थर देऊन. मलकापूर किंवा खामगावच्या बाजारापर्यंत माल जायचा असेल तर यात काटकसर करू नका. संस्थेच्या काट्यावर वजन लिहून घ्या. घरच्या वहीत तारीख, जागा, खोली आणि चारा टिपा. दोन हंगामांत ती वही धरणाचा नकाशा होते.

मग दोरी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. उन्हात वाळवलेला तंगूस ठिसूळ होतो.

दोरी कधी उचलायची

पावसाळ्यात मासा अंडी घालतो. मरळीची तांबूस पिल्ले काठच्या उथळ पाण्यात घोळक्याने वर येतात आणि आई-बाप त्यांच्यावर पहारा करतात. त्या वेळी त्या जोडीला गळ टाकणे सोपे असते, कारण जवळ आलेल्या कशावरही ती झडप घालते. एका मरळीच्या किमतीत सगळा घोळका जातो. अडचण अशी की नेमक्या याच दिवसांत गिऱ्हाईक दारात उभे असते. मिरग लागला की मासे खायची रीत अनेक घरांत आहे, पुढे आखाड आणि गटारी. श्रावणात तेच गिऱ्हाईक नाहीसे होते. भाव आखाडात चढतो हे खरे आहे, तरी दोरी जूनच्या सुरुवातीला उचलावी आणि ऑगस्ट संपेपर्यंत टाकू नये, असेच माझे मत आहे. कोकणात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ मध्ये हॅलिबटसाठी करार केला तेव्हा पहिला नियम हाच केला: हिवाळ्याचे तीन महिने, अंडी घालायच्या काळात, दोरी बंद. त्या करारातून उभा राहिलेला आयोग आजही काम करतो आहे आणि हॅलिबटची मासेमारीही चालू आहे.

बंद महिन्यांत गळांना खोबरेल तेल लावून डब्यात ठेवा, झिजलेले तंगूस बदला आणि राहिलेले कागद पुरे करा. मच्छीमारांनाही आता किसान क्रेडिट कार्ड मिळते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात आणि हप्ता सरकार भरते. नावेवर जाणाऱ्या दोघांचीही नावे त्यात आहेत का, हे संस्थेच्या सचिवांना विचारा. घरातल्या बाईचे नाव बहुधा राहून गेलेले असते. ते आधी घाला.